भिंतीपलीकडचा षड्ज

गेले दीड वर्ष मी एक कादंबरी लिहिते आहे. तीन भावंडे, एक घर आणि त्या घरात दिवसभर चालू असणारा कोणाचा ना कोणाचा गळा किंवा वाद्य, एवढाच तिचा ऐवज आहे. तिच्यात कोणी मरत नाही, कोणी रुसून घर सोडून जात नाही, आणि शेवटच्या प्रकरणात भरलेले सभागृह उभे राहून टाळ्याही वाजवत नाही. हलकीफुलकी, रोजच्या जगण्यातली गोष्ट लिहायची असे ठरवून मी बसले होते. असे लिहिणे किती अवघड असते हे कळायला पहिली सत्तर पाने फाडावी लागली.

त्या पानांतली भाषा बरी होती, प्रसंगही वाईट नव्हते. पण गोष्ट मी गाणाऱ्या मुलीच्या तोंडून सांगत होते आणि तिथेच सगळे फसले होते. गुणी माणूस स्वतःच्या गुणाविषयी बोलू लागला की एक तर तो बढाईखोर वाटतो, नाही तर त्याचा विनय खोटा वाटतो, आणि या दोहोंपैकी कशावरही वाचक शंभर पाने हसू शकत नाही. शिवाय एकच तान चाळीस वेळा घोटताना त्या मुलीला स्वतःला तिच्यात काही गंमत दिसणे शक्य नव्हते. गंमत दिसत होती ती पलीकडच्या खोलीत पुस्तक उघडून बसलेल्या मधल्या बहिणीला, जिला संगीतातले काही कळत नाही असे घरात सर्वमान्य आहे. निवेदन तिच्या हाती दिले आणि अडून बसलेली कादंबरी चालू लागली.

या मधल्या बहिणीत माझा अंश किती, हे विचारायला नको, बराच आहे. माझी ताई गाते. लहानपणी मलाही तिच्याबरोबर तबल्याला बसवले होते, कारण एकीने गावे आणि दुसरीने ठेका धरावा, म्हणजे साथीला बाहेरचे कोणी लागणार नाही, असा घरातला हिशेब होता. तीनतालाच्या सोळा मात्रा मला पाठ होत्या आणि टाळी-खाली दाखवून मी त्या बिनचूक म्हणतही असे. हाताला मात्र नवव्या मात्रेपासूनच समेचे, म्हणजे पुन्हा पहिल्या मात्रेवर येण्याचे, वेध लागत. ताई बाराव्या मात्रेवर बोल सांभाळत असे, तेव्हा मी समेवर पोहोचून तिची वाट पाहत बसलेली असे. सहा महिन्यांनी शिकवणाऱ्यांनी फार सभ्यपणे सुचवले की मुलीची लय चढते आहे, ती जरा उतरली की पुढचे पाहू. ती अजून उतरायची आहे.

तेव्हापासून माझी जागा भिंतीच्या अलीकडे ठरली. ताई मारवा राग शिकत होती ते दिवस मला तारीखवार आठवत नसले तरी स्वरवार आठवतात. मारव्यात कोमल रिषभ (रे) आणि शुद्ध धैवत (ध) यांचे राज्य असते, आणि जो षड्ज, म्हणजे सा, इतर रागांत हक्काचे घर असतो तो इथे सारखा लांबणीवर टाकायचा असतो. रिषभावर थांबायचे, ऐकणाऱ्याला ताटकळत ठेवायचे आणि मग केव्हातरी, अगदी जपून, षड्जाला स्पर्श करायचा. ताईला हे ताटकळणे सोसत नसे. ‘नि रे ग, म ध, म ग रे’ इथवर ती नीट यायची, रिषभावर क्षणभर उभी राहायची आणि मग दमून आलेले माणूस दिसेल त्या खुर्चीत बसते तशी षड्जावर बसून घ्यायची. त्यावर तिच्या बाईंचा शांत आवाज यायचा, “घाई कसली आहे?” आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचे. इकडे मी इतिहासातल्या कुठल्याशा तहाची कलमे पाठ करत होते आणि प्रत्येक कलमाच्या शेवटी पूर्णविरामासारखा तो अवेळी षड्ज येत होता. असे अकरा दिवस चालले. बाराव्या दिवशी तो आला नाही. रिषभ लांबला, आणखी लांबला, आणि माझ्या हातून पाचवे कलम निसटले, कारण कानाने ज्याच्यासाठी तयारी करून ठेवली होती ते घडलेच नाही. मी पुस्तकाचे पान उलटले आणि काही बोलले नाही. निदान माझ्या आठवणीत तरी तसेच आहे.

माझी कादंबरी या एका गोष्टीभोवती फिरते. गाणाऱ्या माणसाची मैफल जगाच्या वाट्याला येते आणि रियाज भावंडांच्या वाट्याला येतो. श्रोत्यांना जी जागा अचानक उमललेली वाटते, ती कितव्या दिवशी, कितव्या प्रयत्नाला आणि कोणावर चिडून झाल्यावर उमलली हे फक्त शेजारच्या खोलीला ठाऊक असते. आईवडिलांनाही ते ठाऊक नसते, कारण ते आशेने ऐकतात. आशेने ऐकणाऱ्याला चुका कमी ऐकू येतात. भावंड ऐकते ते नाइलाजाने, आणि म्हणून फार अचूक.

प्रसिद्ध संगीतकारांच्या चरित्रांत मी हीच शेजारची खोली शोधत असते. लिओपोल्ड मोझार्ट यांनी १७५९ मध्ये आपली मुलगी मारिया आना, म्हणजे घरातली नानर्ल, हिच्यासाठी सरावाची एक वही तयार केली. तिच्यातल्या एका छोट्या रचनेखाली त्यांनी नोंद केली आहे की तिच्या धाकट्या भावाने, वोल्फगांगने, ही रचना २६ जानेवारी १७६१ रोजी, पाचव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, रात्री साडेनऊला, अर्ध्या तासात आत्मसात केली. ही नोंद थक्क होऊन वाचली जाते आणि ते योग्यच आहे. मला मात्र ती वाचताना वही कोणाची होती हे विसरता येत नाही. नानर्ल तेव्हा नऊ वर्षांची होती. तिची वही, तिचा धडा, आणि त्याखाली वडिलांच्या अक्षरात धाकट्याचे कौतुक, तेही रात्री साडेनऊला, ज्या वेळी त्याने झोपलेले असणे सर्वांच्याच सोयीचे होते. एखाद्या विनोदी कादंबरीचे पहिले प्रकरण याहून वेगळे काय असणार?

तीन वर्षांनी हेच कुटुंब लंडनच्या मुक्कामात होते. १७६४ च्या उन्हाळ्यात लिओपोल्ड आजारी पडले, विश्रांतीसाठी सगळे चेल्सीला राहायला गेले आणि वडिलांना त्रास नको म्हणून मुलांना वाद्याला हात लावण्याची बंदी झाली. वाजवता येत नाही म्हटल्यावर आठ वर्षांच्या वोल्फगांगने सिंफनी, म्हणजे वाद्यवृंदासाठीची मोठी रचना, लिहायला घेतली, आणि नानर्ल शेजारी बसून ती उतरवून काढू लागली. हॉर्न या फुंकवाद्याला काहीतरी चांगले काम द्यायचे आहे, त्याची मला आठवण कर, असे त्याने लिहिता लिहिता आपल्याला बजावले होते, ही आठवण तिने पुढे उतारवयात नोंदवून ठेवली. मला या एका वाक्याचा हेवा वाटतो. आजारी वडील, बंद वाद्य, शाईने माखलेली दोन मुले, आणि त्यातल्या धाकट्याला वाटते की सिंफनी आपण लिहितो आहोत तर लक्षात ठेवण्याचे काम ताईचे. नानर्ल स्वतःही असामान्य वादक होती आणि युरोपभरच्या दौऱ्यात दोघेही श्रोत्यांपुढे बसत होते, हे ध्यानात घेतले तर त्या वाक्यातली निरागस मिजास आणखीच खुलते.

हायडन बंधूंची गोष्ट वेगळ्या जातीची आहे. जोसेफ आणि त्याच्याहून पाच वर्षांनी लहान मायकेल हे दोघेही व्हिएन्नातल्या सेंट स्टीफन कॅथेड्रलच्या गायकवृंदात होते. थोरल्याचा आवाज फुटू लागला आणि एकट्याने म्हणायच्या जागा धाकट्याकडे जाऊ लागल्या. जोसेफ आता गात नाही, आरवतो, असा शेरा सम्राज्ञी मारिया तेरेसा यांनी मारला असे सांगतात. पुढे त्याने एका सहगायकाची वेणी कापली आणि १७४९ मध्ये त्याला वृंदातून काढून टाकण्यात आले, असाही किस्सा आहे. सिंफनीचा जनक म्हणून ज्याचे नाव घेतले जाते त्याला धाकट्या भावाच्या तुलनेत कोंबडा ठरवले गेले होते, ही गोष्ट ज्या घरात भावंडांची तुलना चालते तिथे भिंतीवर लावून ठेवण्यासारखी आहे. पण माझे लक्ष मायकेलकडे जाते. त्याच्या त्या दिवसांची कल्पना केली की मला तो गंभीर चेहऱ्याने भावाचे सांत्वन करताना आणि आतल्या आत हरखलेला दिसतो. हे मनातले दोन मजले एकाच वेळी दाखवता आले की भावंडांची कादंबरी जमली म्हणायची.

आपल्याकडची एक गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असेल. मास्टर दीनानाथ एका शिष्याला राग घोटायला सांगून कामाला गेले असता, जवळच खेळणाऱ्या छोट्या लताच्या कानाला त्याच्या गाण्यातली एक जागा खटकली आणि तिने जाऊन ती कशी म्हणायची ते त्याला दाखवले. परत आलेल्या वडिलांच्या ते कानावर पडले आणि घरातल्याच मुलीला शिकवायला हवे हे त्यांच्या ध्यानात आले. लता मंगेशकरांनी ही आठवण स्वतः सांगितलेली आहे. तिच्यातही शिकवणी एकीकडे आणि कान दुसरीकडे आहे. पुढे पाचही भावंडे संगीतात आली, त्यामुळे त्या घरातल्या भिंती फारच कामाच्या असाव्यात. मला मात्र दर वेळी त्या शिष्याविषयी वाटत राहते. कोणीतरी त्याच्या बाजूनेही एकदा लिहायला हवे.

कादंबरी लिहिताना शास्त्राच्या नादी फारसे लागू नये असे माझे मत आहे, कारण पात्रे निबंधातल्यासारखी बोलू लागतात. तरी एक अभ्यास मी मुद्दाम टिपून ठेवला. २०१४ मध्ये स्वीडनमधल्या दहा हजारांहून अधिक जुळ्यांच्या माहितीवरून संशोधकांनी पाहिले की एकरूप जुळ्यांपैकी एकाने दुसऱ्यापेक्षा कितीतरी जास्त सराव केलेला असला, तरी स्वरांतला, सुरावटीतला आणि लयीतला फरक ओळखण्याच्या क्षमतेत त्या दोघांमध्ये फरक दिसत नाही. या चाचण्या ऐकण्याच्या होत्या, वाजवण्याच्या किंवा गाण्याच्या नव्हत्या, हे लक्षात ठेवले पाहिजे. सरावाचा उपयोगच नाही असा त्याचा अर्थ लावणाऱ्यांनी एकदा तबल्याला बसून पाहावे. मला त्यातून हवे होते ते मिळाले. हात आणि गळा ज्याचा त्याचा असला, तरी कान बऱ्याच अंशी जन्माबरोबर येतो. माझ्या कादंबरीतली बहीण जुळी नाही, पण तिला काही कळत नाही हा घरातला समज मोडून काढायला मला एवढा आधार पुरला. तिला सगळे कळते. तिला फक्त करता येत नाही, आणि तिच्या बोलण्यातला सगळा तिखटपणा तिथून येतो.

संगीत गद्यात कसे उतरवायचे, हा दुसरा पेच. उत्तम गायनाचे वर्णन करायला बसले की लेखणीतून स्वर्ग, अमृत आणि अंगावरचे रोमांच बाहेर पडू लागतात आणि वाचक दोन ओळी गाळून पुढे जातो. मी स्वतः वाचताना तेच करते. पण चूक लिहिता येते. चुकीला जागा असते, वेळ असते, ती पुन्हा होते, तिच्यावर कोणीतरी चिडते, कोणीतरी दार आपटते. व्हायोलिनवर शिकाऊ हाताचे चौथे बोट, म्हणजे करंगळी, ज्या किंचित खालच्या सुरावर पडते, तो सूर कसा लागतो हे न सांगताही, त्या सुरासरशी घरातले मांजर उठून दुसऱ्या खोलीत जाते एवढे सांगितले की वाचकाला तो ऐकू येतो. म्हणून माझ्या कादंबरीत थोरल्या भावाचे व्हायोलिन हे बहुतांशी मांजराच्या हालचालींवरून कळते. दोनशे पानांत ते मांजर जागचे हलत नाही असा प्रसंग एकदाच येतो, आणि तिथे मी वादनाविषयी एक शब्दही लिहिलेला नाही. कादंबरीतले ते पान मला सर्वांत आवडते, आणि एका मैत्रिणीने ते वाचून मांजर आजारी आहे का असे विचारले.

हलक्याफुलक्या गोष्टीत अन्यायाचे काय करायचे, याचे उत्तर मला पूर्ण सापडलेले नाही. गुण सारखे वाटले जात नाहीत एवढेच असते तर हसून सोडता आले असते. पण पुष्कळदा गुण सारखे असतात आणि संधी सारखी नसते. संगीतकार फेलिक्स मेंडेल्सझोनची थोरली बहीण फानी हिने तेराव्या वर्षी बाखची चोवीस प्रेल्यूड, म्हणजे छोट्या वाद्यरचना, वडिलांना पाठ वाजवून दाखवली होती. त्याच वडिलांनी १८२० मध्ये तिला लिहिले की फेलिक्ससाठी संगीत कदाचित व्यवसाय होईल, तुझ्यासाठी मात्र तो अलंकारच राहिला पाहिजे. तिची सहा गाणी भावाच्या दोन संग्रहांत, तीन-तीन करून, भावाच्या नावावर छापली गेली. यात हसण्यासारखे काय आहे? तरी हसू येते, कारण १८४२ मध्ये फेलिक्स राणी व्हिक्टोरियाला भेटायला गेला आणि तिने त्याच्याच संग्रहातले आवडते गाणे त्याला गाऊन दाखवले, ते नेमके फानीचे निघाले. ते बहिणीचे आहे असे त्याला राणीपुढे कबूल करावे लागले, आणि हे कबूल करणे जड गेले असे त्याने स्वतःच घरच्या पत्रात लिहिले. ते पत्र घरात मोठ्याने वाचले जात असेल तेव्हा फानीने काय केले असेल? मी तिच्याजागी असते तर म्हटले असते, “तो कबुलीचा भाग पुन्हा एकदा वाचा.” शेवटी १८४६ मध्ये तिने स्वतःच्या नावाने आपला पहिला संग्रह छापला, आणि १८४७ च्या मे महिन्यात ती गेली, त्याच वर्षी नोव्हेंबरात फेलिक्सही गेला. माझ्यासारख्या लेखिकेने तिथवर जाऊ नये. राणीच्या दिवाणखान्यात थांबावे, कारण त्या एका खोलीत अन्यायही आहे आणि त्याची थट्टाही.

माझ्या कादंबरीत असा मोठा अन्याय नाही. तिथे भांडणे आहेत ती पहाटेच्या खोलीवरून, तुटलेल्या तारेचा दोष कोणाचा यावरून, आणि पाहुण्यांपुढे कोणाला आधी गायला सांगितले यावरून. भावंडांच्या मत्सराला फार मोठे कारण लागत नाही आणि तो टिकतही नाही. पहिल्या प्रकरणात मी थोरल्याला धाकटीचा हेवा करायला लावले होते, पण दुसऱ्या प्रकरणापर्यंत तो हेवा विसरून तिच्या तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांची गुंजती आस, नीट लावून देताना दिसू लागला. मी त्याला दोन-तीनदा परत हेव्यावर आणायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

गेल्या महिन्यात कादंबरी पूर्ण झाली असे वाटले, तेव्हा पहिली वाचक म्हणून ती ताईला पाठवली. चार दिवस तिचा फोन नाही. पाचव्या दिवशी आला तो थेट चुकांची यादी घेऊनच. तानपुऱ्याच्या तारा मी एका ठिकाणी पाच लिहिल्या होत्या, त्या आमच्या तानपुऱ्याला चार होत्या. मारवा तिने दुपारी कधीच म्हटला नव्हता, तो संध्याकाळचाच. आणि अकरा दिवस नव्हे, फार तर आठ.

“अकराच,” मी म्हणाले. “मी मोजत होते.”

“तू इतिहास पाठ करत होतीस ना?”

“दोन्ही करत होते.”

मग ती थोडी थांबली आणि म्हणाली, “सगळं छान आहे. पण दोनशे पानांत त्या मुलीला घरातलं कोणीच एकदाही चांगलं गातेस असं म्हणत नाही.”

मी पाने चाळली. खरेच नव्हते. बाहेरचे लोक म्हणतात, बाई एकदा म्हणतात, भाऊ नाही, बहीण तर नाहीच. मी म्हटले की आपल्या घरात तरी असे कोण म्हणत होते, भावंडे असे कधी म्हणतात का, आणि मी ते लिहिले असते तर खोटे वाटले असते.

“तू म्हणाली होतीस,” ताई म्हणाली. “मारव्याच्या वेळी. मी रिषभावर थांबले होते आणि तू पलीकडून ओरडलीस, ‘आलं की!’ बाई हसल्या आणि माझा श्वास तुटला.”

मला हे अजिबात आठवत नाही. ताईला त्याचा स्वरसुद्धा आठवतो. मी ‘की’ मध्यमावर म्हणाले होते असे तिचे म्हणणे आहे. ती दोन शब्दांची दाद आता पाचव्या प्रकरणात घालायची आहे, आणि गेले तीन आठवडे मी तिच्यासाठी जागा शोधते आहे.